फुंकरीचा वाटाणा

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. ओंजळबाबाने ओंजळीतल्या उकडलेल्या वाटाण्यांवर फुंकर मारली आणि टेलरबाईंच्या आठ वर्षांच्या मुलीने ते सगळ्यांदेखत खाल्ले. ना पुरळ, ना धाप!

"डॉक्टरांनी चार वर्षं अडवलं, आम्ही चार दाण्यांत सोडवलं!" बाबा गरजला. अ‍ॅलर्जी बिचारी बाबाच्या श्वासालाच घाबरली म्हणायची! टेलरबाईंनी रडत रडत माइक धरला. "पोरीची शेंगदाण्याची अ‍ॅलर्जी गेली हो!" टाळ्या थांबेनात. खाल्ले होते वाटाणे, हे कुणाच्या डोक्यातच आलं नाही.

तिसऱ्या दिवशी टेलरबाईंच्या दुकानासमोरच्या चष्मेवाल्याने शेंगदाणा न चालणाऱ्या आपल्या मुलाला बाबाकडून फुंकर मारून आणलेला शेंगदाणा दिला. पोराचा घसा सुजला, ओठ निळे पडले. इंजेक्शन वेळेत मिळालं म्हणून पोर वाचलं. टेलरबाई धावत दवाखान्यात गेल्या, तेव्हा चष्मेवाला एवढंच म्हणाला, "वहिनी, मी बाबावर नाही, तुमच्यावर विश्वास ठेवला."

त्यांना धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं असं झालं.

चार वर्षांपूर्वी पोरीची तपासणी केलेल्या डॉक्टरीणबाईंनी त्यांना बाजूला घेतलं. "मुलीला वाटाण्याने कधी त्रास झाला होता?"

"कधी दिलाच नाही. तपासणीत सुई टोचली तेव्हा वाटाण्याचीही गांधी उठली होती ना हातावर?"

"शेंगदाणा आणि वाटाणा एकाच कुळातले. त्यांची प्रथिनं सारखी दिसतात, म्हणून कातडी फसते. पण शेंगदाणा न चालणाऱ्या बहुतेक मुलांना वाटाणा चालतो. काहींना नाही चालत, म्हणून माझ्यासमोर थोडा थोडा देऊन बघू म्हटलं होतं. तुम्ही परत आलाच नाहीत."

"म्हणजे बाबांनी..."

"नसलेला आजार बरा केला. शेंगदाण्याचा आहे तिथेच आहे."

टेलरबाईंना दुकानातला खण आठवला. रिळांखाली तपासणीचा तो रिपोर्ट चार वर्षं पडून होता. भीतीपोटी त्यांनी पोरीचं ताट रिकामं ठेवलं, आणि त्याच भीतीने बाबाचं सभागृह भरलं.

रविवारी त्यांनी पुन्हा माइक मागितला. "बोला ताई, अनुभव सांगा!" बाबा खुशीत होता.

"माझ्या पोरीला वाटाणा पहिल्यापासून चालत होता. शेंगदाणा आजही चालत नाही. फुंकरीने काही झालं नाही, मी नकळत खोटं बोलले." बाबाने माइकला हात घातला, त्यांनी तो सोडला नाही. मागे चष्मेवाला मुलाला धरून उभा होता. त्याच्याकडे बघत त्या म्हणाल्या, "रडणाऱ्या आईवर विश्वास ठेवू नका. तिला विचारा, काय खायला घातलं? त्याने आधी कधी त्रास झाला होता का? मला कुणी एवढं विचारलं असतं, तर हे पोर मरणाच्या दारात गेलं नसतं."