एका ओळीची दुरुस्ती

"एकच तर ओळ आहे, ओटाकर. जेवणाआधी उरकून टाक," बोहूश दारातूनच म्हणाला आणि कॉफीचा कप घेऊन निघून गेला.

ओळ खरंच एकच होती. चेक प्रजासत्ताकातल्या ब्रनो शहरातल्या एका कंपनीत ओटाकर एकोणीस वर्षं हेच काम करत होता. संगणक चालवणाऱ्या प्रणालीचा गाभा म्हणजे कर्नल, आणि त्यातला मेमरी वाटून देणारा भाग त्याच्या ताब्यात होता. जगभरातून कुणीही बदल सुचवला तरी त्याच्या होकाराशिवाय तिथे एक अक्षर शिरत नसे. आजची दुरुस्ती कंपनीतल्याच एका नव्या अभियंत्याची होती. एका ठिकाणी मेमरीचा तुकडा न पुसताच पुढच्या प्रोग्रामच्या हवाली केला जाई. आधीच्या भाडेकरूची पत्रं कपाटात तशीच ठेवून खोली दुसऱ्याला द्यावी, तसा. कुणाचा पासवर्डसुद्धा त्यात राहून जाऊ शकत होता. नवी ओळ तो तुकडा आधी पुसून घेई.

सवयीने त्याने त्या भागाचा, कुणालाही वाचता येणारा जुना पत्रव्यवहार चाळला आणि त्याचा हात थांबला. अकरा वर्षांपूर्वी हेदविका नावाच्या बाईने नेमकी हीच ओळ पाठवली होती. खाली त्याचं उत्तर होतं: 'पुसण्यात वेळ जातो एवढंही ज्यांना कळत नाही, त्यांनी आधी वाचायला शिकावं.' त्याखाली चौघापाचजणांनी उडवलेली खिल्ली. पुढे तिचं नाव कुठेही नव्हतं.

तिचा फोन नंबर शोधायला त्याला तासभर लागला. ती ओलोमोउत्स शहरात कानाची यंत्रं दुरुस्त करत होती. आपण कोण, ते सांगून झाल्यावर, दुरुस्तीत तिचं नाव घालायची आपली इच्छा आहे, असं तो अडखळत म्हणाला.

"नाव नको मला," ती म्हणाली. "तुम्ही चारचौघांत बोलला होतात ना? मग चारचौघांतच मागे घ्या. तेवढं झालं तरी पुष्कळ."

त्याने शब्द दिला. माफीच्या तीन ओळी लिहिल्या आणि पाठवण्याआधी बोहूशला दाखवल्या. बोहूश वरिष्ठ होता, पण माणूस वाईट नव्हता. त्याने खुर्ची ओढली आणि हळू आवाजात समजावलं, की अकरा वर्षं आपल्याला हे ठाऊक होतं असं जाहीर झालं तर ग्राहक काय म्हणतील? बाईला फुलं पाठव, पत्र पाठव, इथे मात्र नुसता होकार दे.

ओटाकरने तीन ओळी पुसल्या. 'तपासलं, योग्य आहे,' असं लिहून खाली आपलं नाव घातलं. त्याच्या बारीक नजरेचं कौतुक करणारी दोन पत्रं संध्याकाळच्या आत आली.

चौथ्या दिवशी सकाळी त्याच पत्रव्यवहारात हेदविकाचं उत्तर उमटलं. ना नमस्कार, ना टोमणा. 'ही जागा दुसऱ्या वाटेनेही दिली जाते. तिथे ती अजून पुसली जात नाही.' खाली ओळीचा क्रमांक.

त्याने तपासलं. तिचं बरोबर होतं. ज्या दुरुस्तीवर त्याने आपलं नाव घातलं होतं ती अर्धवट होती, आणि नोंदीत कायमचा गेलेला तो होकार आता कुणालाच खोडता येणार नव्हता.

बोहूश आत आला. कपाळाला आठ्या होत्या. "तीच ना रे ही बाई? आपल्या कुणाला कसं दिसलं नाही हे?"

"हिला अकरा वर्षांपूर्वीच दिसलं होतं," ओटाकर म्हणाला. त्याचा आवाज बाहेरच्या टेबलांपर्यंत जात होता. "मीच हाकललं तिला. आणि तीन दिवसांपूर्वी पुन्हा एकदा."

बोहूशने बाहेर पाहिलं. दोघंतिघं माना वर करून बघत होते. त्याने हात मागे नेला आणि काचेचं दार अलगद लावून घेतलं.