खालची बाजू

काउजच्या शिडाच्या नावांच्या शर्यतीत माझं काम वजनाचं. सतरा स्टोनचा, म्हणजे शंभरावर किलोचा माणूस वाऱ्याच्या, म्हणजे वरच्या बाजूला, कडेवर पाय बाहेर सोडून बसला की नाव कमी कलते आणि जास्त पळते. सहा आठवड्यांत मला एवढं समजलं होतं आणि मी खूश होतो.

त्या शनिवारी वाराच नव्हता. आमची कॅप्टन रोझलिंड अ‍ॅट्रिल म्हणाली, "हम्फ्री, आज खालच्या बाजूला."

"तू तर नेहमी वर म्हणतेस!"

"ते वारा असताना. आज नाव मुद्दाम कलती ठेवायची, म्हणजे शिडं आपल्याच वजनानं फुगीर राहतात. केबिनमध्ये जाऊन आडवा हो. नाव वळवताना मी टाच आपटली की पलीकडे जायचं."

"आडवं होणं हे काम?"

"जमलं तर. नाही जमलं तर उद्यापासून तुझ्या जागी डेन्झिलचा मेहुणा."

"नऊ स्टोनचा आहे," शिडाच्या दोऱ्या सांभाळणारा डेन्झिल आनंदानं म्हणाला. "बिस्किटंही कमी खातो."

सुट्टीच्या दिवशी मला जायला दुसरीकडे कुठे जागा नव्हती. हे मी दोघांनाही सांगितलं नव्हतं.

केबिनमध्ये शिडांच्या पिशव्यांवर पडलो. टाच वाजली, गडगडत पलीकडे गेलो. पुन्हा वाजली, परत आलो. तिसऱ्यांदा वाजली तेव्हा नाव इतकी सपाट होती की खालची बाजू कुठली तेच कळेना. खिशातलं सफरचंद फळीवर ठेवून पाहिलं. तेही तिथेच विचार करत बसलं. टाच आणखी जोरात वाजली. तेवढ्यात नाव कलली आणि सफरचंद माझ्यापासून दूर पळालं. म्हणजे मी वरच्या बाजूला होतो. म्हणजे चुकलो होतो.

शेवटच्या रेषेचा भोंगा ऐकून, घरी जायच्या तयारीनंच वर आलो. रोझलिंडनं मिठी मारली.

"दोनदा टाच आपटली तरी हलला नाहीस! झुळूक आली तेव्हा बाकीच्यांची माणसं खालच्या बाजूला लोळत होती, त्यांच्या नावा आडव्या झाल्या. आपली सरळ राहिली नि सगळ्यांच्या पुढे सुटली! वारा येणार हे तुला कळलं कसं?"

"सफरचंद..." मी म्हणालो.

"सफरचंद!" डेन्झिलनं टोपी काढली.

"उद्या केबिन नको," रोझलिंड म्हणाली. "माझ्याशेजारी बसायचं आणि वारा कुठून येणार ते सांगायचं."

रविवारी पाणी आरशासारखं होतं. "कुठून, साहेब?" डेन्झिलनं अदबीनं विचारलं. मी बराच वेळ पाण्याकडे पाहिलं. मग उजव्या हातात चहा होता म्हणून डावीकडे बोट दाखवलं.

सगळे मुकाट्यानं सरकून बसले.