मेस्सीनानंतर समुद्र डावीकडे

सावेरिओ एकोणसाठचा झाला तरी आगगाडीत एकटा कधी बसला नव्हता. सुट्टीला जायचं म्हणजे सगळं बायको बघायची. तिकीट, डबा, कुठे उतरायचं. हा नुसता बॅगा उचलायचा. एर्सिलिया फेब्रुवारीत गेली. आता ऑगस्ट होता, त्याच्या केस कापायच्या दुकानाला सुट्टी होती, आणि तो आठ दिवसांसाठी सिसिली बेटावर, सिराकूजाला लेकीकडे निघाला होता.

लोरेदाना आईच्या अंत्यविधीपासून त्याच्याशी एक शब्द बोलली नव्हती. आणि मग गेल्या आठवड्यात एकदम फोन. "ये. संध्याकाळी सहाला स्टेशनवर येते मी. सातला रात्रीची ड्युटी आहे, तोवर बोलू." तो एक तास त्याला हवा होता. बाकी आठ दिवसांचं त्याला काही पडलं नव्हतं.

सालेर्नोच्या फलाटावर त्याला सोडायला शेजारचा फळवाला फियोरेन्त्सो आला होता. हा दोनदा सिसिलीला जाऊन आलेला, म्हणजे झालाच तज्ज्ञ.

"पाकीट आतल्या खिशात. बॅग डोळ्यासमोर. समुद्र ओलांडायला अख्खी गाडीच बोटीत चढवतात, ती शिरली की वर जाऊन भाताचा तळलेला गोळा खा, पण बोट लागायच्या आत खाली ये. आणि मेस्सीनानंतर डावीकडे बस, समुद्र दिसतो. अरे, टाय कशाला? लग्न आहे का तुझं?"

"लेक येणारे स्टेशनवर."

फियोरेन्त्सोनं मग टायची गाठ सरळ करून दिली.

तीन नंबरच्या डब्यात सावेरिओसमोर एक बाई दोन पोरं घेऊन बसली होती. धाकटं रडून लालबुंद झालेलं. "काका, आमच्या ह्यांना सात नंबरमध्ये जागा दिलीय हो. तुम्ही बदलाल का? आम्ही मेस्सीनापर्यंतच आहोत."

असल्या वेळी नाही कोण म्हणतं? गाडीत लोक एकमेकांना जागा देतातच. तो हसून उठला. नवऱ्यानं त्याची बॅग सातमध्ये नेऊन ठेवली, वर दोन पीचही दिले.

बोटीवर त्यानं कठड्याला टेकून भाताचा गोळा खाल्ला. आजूबाजूला सगळे एकमेकांचे फोटो काढत होते. एकानं त्याच्या हातात फोन दिला, "आमचा काढता का?" त्यानं काढला. खाली गाडीत काय सूचना दिली ते त्याच्या कानावर आलंच नाही.

मेस्सीना सुटलं. मोठा बोगदा गेला. तो डावीकडे खिडकीला नाक लावून बसला तर नुसते डोंगर. समुद्र उजवीकडे.

तिकीट तपासणाऱ्यानं तिकीट बघून कपाळाला हात लावला. "अहो, गाडी मेस्सीनाला दोन भागांत तुटते. सिराकूजाचे डबे गेले. हे पालेर्मोला चाललेत. मिलात्सोला उतरा, मागे जा. पोचायला साडेनऊ होतील."

मिलात्सोच्या बाकावर बसून त्यानं फोन लावला. कसंबसं सगळं सांगितलं.

"जागा कुणाला दिलीस?" लोरेदानानं विचारलं.

"एक बाई होती गं. लहान पोरं होती बरोबर."

"वा. अनोळखी बाईसाठी लगेच उठलास. आईला तपासणीला न्यायचं तेव्हा तुझं दुकान सोडून उठवत नव्हतं तुला. एकदाही."

गिऱ्हाईकं असायची, तो म्हणणार होता. सहा महिने हेच वाक्य मनात घोळवून ठेवलं होतं.

"नाही उठलो," तो म्हणाला.

फोनमध्ये तिच्या मागे भांड्यांचा आवाज येत होता.

"कशाला सांगतोयस आता हे?"

"तू विषय काढलास म्हणून."

"मी सकाळी सातला येईन घरी. किल्ली खालच्या बाईंकडे ठेवते. झोपून घे."

"तोवर बसतो मी."

"नको बसूस, बाबा. मी दमून येते. लगेच बोलवणार नाही माझ्याच्यानं."

फोन ठेवला. फलाटावर दुसरं कुणी नव्हतं. त्यानं टाय सोडला, घडी घालून बॅगेत ठेवला, आणि परतीची गाडी कुठल्या फलाटावर लागते ते विचारायला उठला. चौकशीची खिडकी बंद होती. मग तो दोन्ही फलाट दिसतील असा मधोमध उभा राहिला.