क्लेम रोझवॉर्नचं भाषण

आमच्याकडच्या फुटबॉलमध्ये कॉरब्रुक क्लबने तोवर एकदाच विजेतेपदाचा ध्वज जिंकला होता, आणि त्या अंतिम सामन्यात माझे वडील, क्लेम रोझवॉर्न, गोलाच्या तोंडाशी बचावाला उभे होते. तिसऱ्या सत्रात कुणाचं तरी कोपर लागून त्यांचा जबडा मोडला. टॉवेल बांधून ते शेवटपर्यंत खेळले. त्यानंतर आमच्या भागात त्यांना कुणी रांगेत उभं राहू दिलं नाही. न्हाव्याकडे गेले तर खुर्चीतला माणूस अर्ध्या दाढीने उठायचा.

त्याच माणसाला बघून एका हिवाळ्यात लोक तोंड फिरवू लागले.

झालं असं, की क्लब पार डबघाईला आला होता. वर्षानुवर्षं गुणतक्त्याच्या तळाशी, स्टँड गळकं, बरे खेळाडू दुसरीकडे पळालेले. लीगकडून निरोप आला, की नॉर्थगेटशी एक व्हा, नाहीतर पुढच्या मोसमात तुम्ही नाही. नॉर्थगेट म्हणजे नदीपलीकडचे आमचे हाडवैरी. लहानपणी मला एक बोका चावला होता, तर आई म्हणाली होती, नॉर्थगेटचा असणार.

बाबा तेव्हा समितीवर होते. समितीत मतं घेतली, आणि बाबांनी एक व्हायच्या बाजूने हात वर केला. आईला हे कळलं ते खाटकाच्या दुकानात, चार बायकांसमोर.

मी मागच्याच गल्लीत राहायचे, इस्पितळात नर्स होते, आणि बहुतेक संध्याकाळी जेवायला त्यांच्याकडेच असायचे. त्या दिवशी आईने चॉप्स भाजले, वाटाणे उकडले, बाबांचं ताट त्यांच्यापुढे आदळलं आणि माझ्याकडे बघून म्हणाली, "जॅनिन, तुझ्या बापाला विचार, मीठ हवंय का. की तेही नॉर्थगेटकडून मागवतोय?"

"आई, ते समोरच बसलेत."

"कोण? मला तर इथे कॉरब्रुकचं आणखी कुणी दिसत नाही."

बाबा वाटाणे खात राहिले. भांडणात त्यांनी कधी तोंड उघडलं नाही. थंडीत जबडा आखडतो, एवढं निमित्त त्यांना पुरायचं.

असं तीन आठवडे चाललं. मग सगळ्या सभासदांची सभा ठरली. टाउन हॉलमध्ये, रविवारी दुपारी. समितीची बाजू मांडायला कुणीच पुढे येईना, तेव्हा सगळ्यांनी बाबांना ढकललं. "क्लेम, तुझं तरी ऐकतील."

हॉल असा भरला होता, की लोक खिडक्यांत बसले होते. आई आपल्या मैत्रिणींबरोबर गेली, क्लबचा पांढरा-काळा मफलर गळ्यात घालून. चौथ्या रांगेत बसली. शेजारच्या खुर्चीवर तिने आपला कोट ठेवला. मी तिच्या मागे होते.

बाबा उठले आणि हुर्यो सुरू झाली. चार्ली मिफ्सूद, आमचा माशांच्या दुकानाचा माल्टीज मालक, थेट खुर्चीवर चढला. "नॉर्थगेटचा दलाल! जबडा मोडला तेव्हा अक्कल पण सांडली काय रे?" लोक खो खो हसले. कुणीतरी मफलरचा गोळा करून स्टेजवर फेकला. तो बाबांच्या छातीवर आपटला. त्यांनी तो उचलला, नीट घडी घातली आणि टेबलावर ठेवला. दोनदा बोलायला गेले, दोनदा आवाज बुडाला. मी उठणार, इतक्यात माझ्या पुढची बाई उठली.

"चार्ली मिफ्सूद, खाली उतर! खुर्चीने काय पाप केलंय?"

आई पाच फुटांचीही नव्हती, पण पस्तीस वर्षं मैदानाच्या कठड्यावरून पंचांना शिव्या घालून तिचा आवाज तयार झाला होता. चार्ली उतरला.

"हा माणूस चुकतोय," आई म्हणाली. "तीन आठवडे मी याच्याशी बोललेली नाही, आणि याच्याबद्दल जे बोलले ते तुमच्यापेक्षा वाईट बोलले. आज मत देणार आहे तेही याच्या विरुद्धच. पण ज्याने तुमच्यासाठी तोंड फोडून घेतलं, त्याला तोंड उघडू देणार नसाल, तर हा क्लब वाचवून करायचंय काय?"

ती बसली.

बाबांनी टेबलावरचा मफलर सरळ केला. मग म्हणाले, "माझा बाप खाणीत होता. आमच्या गावाचा संघ होता, बाप त्याचा कप्तान. खाण बंद पडली, मग संघही मोडला. मागच्या वर्षी मी तिकडे जाऊन आलो. मैदानात मेंढ्या चरत होत्या. एक म्हातारा भेटला. त्याला विचारलं, आपल्या संघाचे रंग कोणते होते हो? त्याला आठवेना. आणि मलाही आठवेना. बाप दिसतो, त्याच्या अंगातला शर्ट दिसतो, पण रंग दिसत नाही. म्हणून मी हात वर केला. जोडनावात आपलं अर्धं नाव तरी राहील. शर्टावर एक पट्टा राहील. सगळं पुसून जाण्यापेक्षा... बस. एवढंच."

मागच्या वर्षी ते मासे पकडायला म्हणून दोन दिवस गेले होते आणि रिकाम्या हातांनी परत आले होते. आईने त्यांची महिनाभर थट्टा केली होती. तिची मान मला मागून दिसत होती. ती खाली गेली होती.

बाबा स्टेजवरून उतरले. कुठे बसावं त्यांना कळेना. आईने खुर्चीवरचा कोट उचलून मांडीवर घेतला. ते तिथे बसले.

मतं झाली. बाजूने बाबांचा हात, आणि इकडेतिकडे थोडे. विरुद्ध म्हटल्यावर सगळ्या हॉलचे हात वर गेले. आईचा उजवा हात सगळ्यांत ताठ होता. डावा तिने बाबांच्या गुडघ्यावर ठेवला होता.

"सांगायचं तरी," ती म्हणाली.

"काय सांगायचं?"

"मेंढ्यांचं."

क्लब तसाच एकटा राहिला. स्टँडचं छप्पर लोकांनी रविवारी रविवारी येऊन बदललं. दुसरा ध्वज यायला पुढे खूप वर्षं लागली. तो बाबांनी बघितला, आईने नाही. पण मला सांगायचंय ते त्या सभेनंतरच्या शनिवारचं.

सामना शहराच्या दुसऱ्या टोकाला होता. बाबांनी समिती सोडली होती आणि मैदानावरही यायला तयार नव्हते. "लोकांना कशाला त्रास," म्हणाले.

"लोक गेले खड्ड्यात," आई म्हणाली. "खेळाडू ज्यातून धावत येतात तो कागदी पडदा धरायला मला माणूस नाही. एड्ना धरते, तिचा खांदा गेलाय. बूट घाल."

बाबांनी बूट घातले.

वारा भणाणत होता. बाबा पडद्याचा उजवा बांबू छातीशी कवटाळून उभे होते, मान खाली. चार्ली मिफ्सूद खिम्याचे दोन गरम पॅटिस घेऊन आला. मला वाटलं, आता पुन्हा तमाशा.

"क्लेम, मी तुला दलाल म्हणालो."

"ऐकलं मी."

"मत माझं तेच आहे."

"असू दे."

"पण पॅटिस खा. सॉस जास्त घातलाय." बाबांचे दोन्ही हात अडकलेले, म्हणून चार्लीने एक पॅटिस त्यांच्या तोंडासमोर धरला. बाबांनी चावा घेतला आणि सॉस हनुवटीवरून मफलरवर ओघळला.

"हळू रे, गरम आहे!"

"भाजल्यावर सांगतोस होय?"

तेवढ्यात वाऱ्याने पडदा मधोमध टरकन फाटला. आठवडाभर चिकटवलेला क्रेप कागद मैदानभर उडाला, आणि आमची पोरं उरलेल्या दोन चिंध्यांमधून धावत आली. आईने अशी शिवी हासडली, की समोरच्या संघाचा कप्तान वळून बघायला लागला. बाबा हसायला लागले. जबडा धरून हसत होते, डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

आम्ही त्या दिवशी नऊ गोलांनी हरलो.

परतीच्या ट्रॅममध्ये मी त्यांच्या समोरच्या बाकावर होते. आईचा घसा पार बसला होता. थोडा वेळ ती खुणांनीच पंचाला नावं ठेवत राहिली, मग बाबांच्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. आमचा थांबा आला. मी उठले. बाबांनी बोट ओठांवर ठेवलं आणि मान हलवली. मी पुन्हा बसले. दारं बंद झाली आणि ट्रॅम पुढे निघाली.