चौदा वेळा बघू

"खड्डाच खणायचा होता तर विमानानं कामून आले? आपल्या ग्यानबाला सांगितलं असतं," हे माझ्या कानाशी पुटपुटले.

हे म्हणजे माझे मालक, उद्धवराव. हे चहाचा ट्रे उचलायला वाकले होते, तेवढ्यात ह्यांना माझा कान सापडला. ओसरीवर सात पाहुणे बसलेले. ट्रे घेऊन बाहेर गेले तेव्हा ह्यांच्या तोंडावर असं हसू, की खड्डा म्हणजे घरचंच लग्नकार्य.

आमच्या मुडबी गावात तीन दिवसांची कार्यशाळा होती. तीन देशांची विद्यापीठं, आणि त्यांचे मातीवाले, पाण्यावाले, भाषावाले सगळे एका गाडीत. मातीवाल्यांनी रान बघायचं, पाण्यावाल्यांनी विहिरी, आणि आम्ही मातीला न् पाण्याला काय काय नावं ठेवतो ते भाषावाल्यांनी लिहून घ्यायचं. मग तिघांनी बसून एकमेकांना समजावायचं. ते समजावणं मी ऐकलं. तिघंही इंग्रजीतच बोलत होते, तरी एकाचं दुसऱ्याला कळत नव्हतं. तेवढं बघून मला जरा धीर आला.

ही वरात आमच्या दारी आली ती थोरल्या ज्योतीमुळं. ती कलबुर्गीला मातीवर संशोधन करते. मातीवाल्यांचे मुख्य म्हणजे नेदरलँड्सचे यान सर. दारातून येताना वाकावं लागेल एवढे उंच. धाकटा बंटी त्यांच्या माघारी त्यांना चंद्रयान म्हणायचा. शेवटच्या दिवशी आमच्याच रानात माणूसभर खोल खड्डा खणायचा, आणि त्यात उतरून ज्योतीनं मातीचे थर सगळ्यांना उलगडून सांगायचे, असं ठरलं होतं. सरांना ते पटलं तर तिला सहा महिने त्यांच्याकडं शिकायला मिळणार होतं. पोरगी आठ दिवस कपाटाच्या आरशाला थर सांगत होती. मलाही पाठ झाले.

घोळ जागेचा होता. संगणकानं नकाशावर चौकटी पाडून जागा काढली, ती नेमकी आमच्या पांडवांची.

आमच्याकडं येळवस दिवाळीहून मोठी. मार्गशीर्षातल्या अमावास्येला सगळं गाव रानात जातं. कडब्याची कोप उभी करायची, तिच्यात चुन्यानं रंगवलेले पाच दगड मांडायचे, ते पांडव. त्यांना निवद दाखवायचा, मग भज्जी, बाजरीचे उंडे, गाडग्यातली आंबट अंबील. आमची कोप ह्यांच्या आज्यापासून एकाच जागी. बाकीच्या दिवसांत दगड तिथंच असतात आणि नांगरसुद्धा त्यांना वळसा घालून जातो. यंदा येळवस कार्यशाळा संपल्याच्या दुसऱ्याच दिवशी होती.

पहिल्या दिवशी यान सरांनी त्या जागेवर उभं राहून विचारलं, इथं खणायला मालकांची हरकत नाही ना. ज्योतीनं मराठीत विचारलं. हे म्हणाले, "बघू."

आता आमच्या मुलखात बघू म्हणजे काय, हे शेंबड्या पोरालाही कळतं. मागणी घालायला आलेला पोरगा पसंत नसला तर बघू. ऐन पेरणीत कुणी बैल मागितला तर बघू. तोंडावर न्हाई म्हणणं म्हणजे पाहुण्याला उंबऱ्यावरून ढकलणं. लग्नाला अठ्ठावीस वर्षं झाली, ह्यांच्या तोंडून परक्या माणसाला 'न्हाई' गेलेलं मी ऐकलं नव्हतं.

ज्योतीनं खाली मान घालून त्याचं शब्दाला शब्द इंग्रजी केलं. यान सर एकदम खूश. शेतकऱ्यालाही आत काय आहे ते बघायचंय, असं त्यांना वाटलं. त्यांनी ह्यांचा हात धरून जोरजोरात हलवला.

संध्याकाळी भाकरी थापताना ज्योती माझ्याजवळ येऊन बसली.

"आई, तू अप्पांना विचार की."

"तुझी जीभ काय झाली?"

"मी विचारलं तर माझ्यासाठी व्हय म्हणतील."

जरा वेळानं हे गोठ्यातून आले. "पोरगीला कळंना व्हय, तिथं आपले पांडव हायेत?"

"मग सांगा तिला."

"मी सांगितलं तर तिचं जाणं बुडंल. तिनंच म्हणावं."

दोघं एकमेकांसाठी गप्प, आणि मी मधे तव्यावर. मीही बोलले नाही. माझा एक पाय पांडवांकडं होता, दुसरा पोरीच्या विमानात.

भाषावाल्यांत जपानच्या हारुकोबाई होत्या. माझ्याच वयाच्या. पुण्यात मराठी शिकलेल्या. त्यांचं मराठी इतकं शुद्ध, की आमचं निम्मं त्यांना कळायचं नाही. चुलीपाशी पाट घेऊन बसायच्या आणि मी जे म्हणेन ते वहीत. भाकरी करपली म्हणून मी तव्याला जे बोलले, तेही लिहून घेतलं.

तिसऱ्या दिवशी सकाळी सगळे रानात. यान सरांनी दगडांपासून हातभर अंतरावर चुन्यानं चौकोन आखला. "चला, पांडवांचा चुना तरी फुकटात झाला," हे मला म्हणाले. हसले मात्र नाहीत.

ग्यानबा कुदळ घेऊन आला. बारा वर्षं आमच्या रानात राबलेला माणूस, त्याला सगळं ठाऊक. आधी त्यानं कुदळीचा दांडा सैल असल्याचं सांगितलं. दांडा ठोकून झाला तर पाणी प्यायला विहिरीवर गेला. तिकडून आला तो तंबाखू मळत बसला.

"ग्यानबा, कामून बसलास?" ज्योती म्हणाली.

"बघू की अक्का. माती कुठं पळून जायलीय."

मधला वेळ भरायला मी अंबील वाटली. येळवशीसाठी घातली होती, एक दिवस आधीच काढली. यान सरांनी एक घोट घेतला, डोळे मिटले आणि म्हणाले, "इंटरेस्टिंग." मी आनंदानं पेला पुन्हा काठोकाठ भरला.

ज्योती माझ्या कानात म्हणाली, "आई, आवडली न्हाई म्हणायलेत ते."

"मग तसं म्हणावं की माणसानं."

हे ऐकून हारुकोबाई वही उघडून मला म्हणाल्या, "राजूताई, मी तीन दिवसांत या गावात 'बघू' चौदा वेळा ऐकलं. एकदाही कोणी काही बघितलं नाही." मग हलकेच हसल्या. "आमच्याकडे 'विचार करतो' म्हणतात. कोणी विचार करत नाही." आणि सगळ्यांकडं वळून त्यांनी सरळ विचारलं, "तुमच्याकडे 'नाही' कसं म्हणतात?"

ह्यांनी चपलेकडं बघितलं. मी गाडग्याकडं.

"तशी पाळीच येत न्हाई, बाई," ग्यानबा म्हणाला.

सगळे हसले, ज्योती सोडून. तिनं उठून ग्यानबाजवळची कुदळ उचलली. चौकोनापाशी गेली. कुदळ डोक्यावर नेली आणि तशीच थांबली. नंतर सावकाश खाली आणली, जमिनीवर आडवी ठेवली आणि यान सरांशी इंग्रजीत बोलायला लागली. मला त्यातलं 'पांडव' आणि 'अप्पा' एवढंच कळलं. मला दिसलं, पोरगी सहा महिने हातातून सोडायला निघाली होती.

यान सर पेला घेऊन दगडांपाशी गुडघ्यावर बसले. एकेक दगड बघत राहिले. मग काहीतरी बोलले, आणि ज्योती रडू न् हसू दोन्ही आवरत आमच्याकडं वळली.

"ते म्हणायलेत, तीन दिवस कुणी बोललं का न्हाई. दहा पावलं पलीकडं बी माती हीच हाय. तिथं खणू, थर मीच सांगायचे. फक्त त्यांना एकदा मालकाच्या तोंडून ऐकायचंय." आणि चौकोनाकडं बोट दाखवून तिनं बापाला विचारलं, "अप्पा, इथं खणू का?"

रानात सगळे ह्यांच्याकडं बघायला लागले. हारुकोबाईंचं पेन वहीवर टेकलेलं. ह्यांचे ओठ मिटले. 'ब' म्हणायला मिटतात तसेच. मी मनात पंधरावं 'बघू' मोजलं.

ह्यांनी टोपी काढली, कपाळ पुसलं, टोपी परत घातली.

"न्हाई," हे म्हणाले.