चवरीवालीचं तोंड

जगदेव हट्टी म्हणजे हट्टी, थेट बापावर गेलेला. सन चोपन्नच्या चैत्रात रिसोडजवळच्या एका महादेवाच्या शिखरावर तो चुन्यात घडवलेल्या जुन्या मूर्ती दुरुस्त करत होता. खाली लिंबाखाली त्याची थोरली बहीण विजयमाला बोचकं घेऊन सकाळपासून बसली होती. वीस वर्षांमागं ती परजातीच्या माणसासंगं निघून गेली होती. आता तो माणूस मेला, आणि ती माहेरी एक कोपरा मागायला आली. जगदेवनं तिला तोंडावर सांगितलं, जिचं तोंड बापानं देवळावरून फोडलं तिला मी घरात घेणार नाही. माणसानं किती ताणावं, त्याला काही सुमार?

पण गोष्ट खरीच होती. बाप जानराव म्हणजे चुन्यातला मोठा कारागीर. त्यानं पोरीच्या तोंडवळ्याची एक चवरीवाली, देवावर चवरी ढाळणारी बाई, शिखरावर घडवली होती. पोर गेली तसं पंचांनी बजावलं, असलं तोंड देवळावर नको. जानराव छन्नी घेऊन चढला. शिडी जगदेवनंच धरली होती, ठोके त्यानं स्वतः ऐकले होते. बापानं तिथं दुसरं तोंड बसवलं आणि मरेपर्यंत पोरीचं नाव काढलं नाही.

त्याच चवरीवालीचा गाल आता पोकळ वाजत होता. जगदेवनं कडेनं थापी सरकवली मात्र, अख्खं तोंड मुखवट्यागत सुटून त्याच्या हातात आलं. त्यामागं चुन्यातली विजयमाला होती. डाव्या भुवईवरच्या लहानपणीच्या खोकेच्या वणासकट.

गालावर छन्नीचा ओरखडा नव्हता. खाचा होत्या त्या बाजूच्या दगडावर. सगळा मार त्या दगडानं खाल्ला होता. नवा चुना धरावा म्हणून आधी जुन्याला टाचे मारून खरबरीत करायचं, हे बापानंच शिकवलेलं. इथं एक टाचा नाही. उलट जवसाच्या तेलाचा पिवळट थर वाळून बसलेला. म्हणजे वरचं तोंड धरूच नये, कधीतरी सुटावं, म्हणून बापानं तेल लावून पोरीला झाकलं होतं. आणि आपण त्याच बापाच्या नावानं तिला लिंबाखाली बसवली! जगदेवला स्वतःची शिसारी आली.

तो घाईनं खाली उतरला तेव्हा विजयमाला बोचकं उचलून निघाली होती.

"अक्का, थांब. बानं तुले फोडलं नाही. झाकून ठेवलं होतं."

विजयमालाचा हात भुवईवर गेला.

"मंग मले एक सांगावा काहून नाही धाडला त्यानं?" ती म्हणाली.

जगदेवनं तिच्या हातातलं बोचकं घेतलं आणि घराची वाट धरली.