बोअरच्या पाण्याने धुतलेली काच

मी एक जुनी काचेची चकती आहे आणि मी खोटे बोललेले नाही. हे आधीच सांगते, कारण सुलेखाचे पत्र आल्यापासून कडुबा सरांना तीच शंका खात होती. सुलेखा त्यांची जुनी विद्यार्थिनी, आता पीएच.डी. करते. सर फोन उचलत नाहीत, म्हणून तिने लिहिले होते : 'सर, माझे मार्गदर्शक तुमच्या उन्हाळ्यातल्या नोंदी चुकीच्या ठरवून माझ्या प्रबंधातून काढायला सांगताहेत. त्या खऱ्या आहेत का, एवढेच कळवा.' सरांनी चार उत्तरे लिहिली, चारही फाडली. आठ महिने गेले.

मित्रांनो, मी भट्टीत जन्मले. मग मला आम्लात बुडवले. माझ्यातला विरघळणारा भाग निघून गेला आणि अंगभर डोळ्यांना न दिसणारी छिद्रे उरली. मिठाच्या पाण्यात माझ्या छिद्रांच्या भिंतींवर ऋण विद्युतभार येतो. ते पाणी माझ्यातून ढकलले की दोन बाजूंमध्ये विजेचा बारीकसा फरक पडतो. त्यावरून माझा भार कळतो. संभाजीनगरच्या एका कॉलेजात सरांनी तो अकरा वर्षे मोजला. हिवाळ्यात भरपूर, उन्हाळ्यात निम्मा. विभागप्रमुखांनी वहीत लाल शाईने लिहिले, 'काच बिघडली.' सरांनी मान खाली घातली. मी घातली नाही. पुढे सर निवृत्त झाले आणि मला भंगारात टाकले, तिथून प्रयोगशाळेत धुण्याचे काम करणाऱ्या गोजरबाईंनी उचलून सरांना घरी आणून दिले.

गेल्या सोमवारी सुलेखाचे दुसरे पत्र आले. प्रबंध द्यायला पंधरा दिवस उरले होते. सर मला रुमालात गुंडाळून कॉलेजात घेऊन गेले. गोजरबाई मला धुवायला निघाल्या.

"बाई, शुद्ध पाण्यानं."

"आज हाय बाटलीत. उन्हाळ्यात कुठं असायचं?"

सर थबकले. "मग तुम्ही काच कशानं धुवायचात?"

"बोअरच्या पाण्यानं. नळाला आठ दिसाला पाणी. नळ नाय तर तुमचं ते शुद्ध पाण्याचं यंत्रबी बंद. मंग काय, थुकीनं धुवू?"

"मला सांगितलं का नाही?"

"तुम्ही इचारलं व्हय कधी? वहीतून मान वर निघंल तव्हा इचाराल."

सरांनी वही उघडली. प्रत्येक पानावर त्यांच्याच अक्षरात होते : 'शुद्ध पाण्याने धुतली.' पुस्तकात असते, म्हणून लिहिलेले.

बोअरच्या पाण्यात चुना असतो. त्याचे धन भाराचे कण माझ्या ऋण भिंतींवर चिकटून बसत आणि माझा भार घटे. पावसाळा लागला की सर मला आम्लाने स्वच्छ करत, तेव्हा तो परत येई. त्या दिवशी सरांनी मला दोन्ही पाण्यांनी धुवून मोजले. बोअरचे पाणी : निम्मा भार. आम्ल आणि मग शुद्ध पाणी : पुरा.

"चूक माझी आहे, बाई."

"मंग तसं लिहा की. तिला तुम्ही काय देव वाटता?"

सरांनी तिथेच लिहिले : 'आकडे खरे आहेत. धुण्याचे पाणी मी न विचारता लिहिले, ते चूक. आकडे काढू नकोस, माझी चूक छाप.'

मित्रांनो, मला जपा अशी विनवणी मी करणार नाही. मी आम्लातून निघाले आहे. एवढेच सांगते, आकडा आवडला नाही म्हणून काचेला बिघडलेली ठरवू नका. आधी ती धुणाऱ्याला विचारा.

पोस्टाच्या खिडकीत सरांनी पाकीट पुढे केले, पण हातातून सोडवेना.

"काका, सोडा ना," आतली मुलगी म्हणाली.

सरांनी सोडले.